आतली लढाई : आलेक्झांड्रियाचे ओरिजेन



आज सामान्यकाळातील एकोणतिसावा रविवार. 'क' वर्षात ह्या रविवारी पहिल्या वाचनात निर्गमच्या पुस्तकातील रफीदीमची लढाई येते. मोशे टेकडीवर हात उंचावून उभा असतो. हात खाली आले की अमालेकी वरचढ होतात, म्हणून अहरोन आणि हूर त्याला दगडावर बसवतात आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरून ठेवतात. खाली मैदानात यहोशवा तलवार चालवत असतो. सूर्यास्तापर्यंत अमालेकाचा पाडाव होतो, वाचन संपते आणि आपण सर्व जण देवाला धन्यवाद देतो.

नेमके कशाबद्दल?

काही वर्षांपूर्वी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलाने मला जवळपास हाच प्रश्न विचारला होता. आम्ही यरीहोची गोष्ट शिकत होतो. मुलांना ती फार आवडते. सात दिवसांच्या फेऱ्या, रणशिंगे, लोकांची आरोळी आणि धडाधड कोसळणारा तट! त्या मुलाने विचारले की, तट पडल्यावर गावात जी तान्ही बाळे होती त्यांनी काय पाप केले होते? मी घड्याळाकडे पाहिले, वेळ संपली आहे, पुढच्या रविवारी सांगतो, असे म्हणालो. पुढच्या रविवारी मी विषय काढला नाही. त्यानेही काढला नाही. आता तो मोठा होऊन कामाला लागला असेल.

मला तेव्हा जे सुचले नाही, ते सुमारे पावणेअठराशे वर्षांपूर्वी एका धर्मगुरूने आपल्या लोकांसमोर प्रवचनांतून मांडले होते. त्यांचे नाव ओरिजेन. ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिलेले नाही. त्यांचा सण नाही, आपल्या देवळांत त्यांचा पुतळा नाही, बाप्तिस्म्याच्या वेळी कोणी मुलाचे नाव ओरिजेन ठेवल्याचेही मी ऐकलेले नाही. तरीही जुना करार उघडून त्यात स्वतःच्या अंतःकरणाची गोष्ट वाचायला ख्रिस्ती माणसाला ज्यांनी शिकवले, त्यांत त्यांचे स्थान फार वरचे आहे.

ओरिजेनचा जन्म इजिप्तमधील आलेक्झांड्रिया शहरात सुमारे इ. स. १८५ मध्ये झाला. सात भावांत तो थोरला. वडील लिओनिदास श्रद्धावान ख्रिस्ती होते. ते मुलाकडून रोज बायबलचा काही भाग पाठ करून घेत. चौथ्या शतकात कैसरियाचे बिशप युसेबियस ह्यांनी ख्रिस्तसभेचा इतिहास लिहिला, त्यात ह्या घराची एक हकिकत आहे. लहानगा ओरिजेन पाठांतरावर समाधान मानत नसे. ह्या शब्दांच्या आत काय आहे, असे विचारून तो वडिलांना भंडावून सोडी. वडील वरकरणी रागवत, वयापलीकडचे विचारू नये म्हणत. पण रात्री मुलगा झोपला की ते त्याच्या उशाशी जात, छातीवरचे वस्त्र हळूच बाजूला करत आणि पवित्र आत्म्याचे मंदिर मानून तेथे चुंबन घेत. माझ्या घड्याळाची मला लाज वाटते ती ह्या हकिकतीमुळे.

२०२ साली सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या राजवटीत आलेक्झांड्रियात छळ सुरू झाला. लिओनिदास पकडले गेले. सतरा वर्षेही पूर्ण न झालेला ओरिजेन वडिलांबरोबर रक्तसाक्षी व्हायला निघाला. आईने गयावया केली, तो ऐकेना. शेवटी तिने त्याचे सगळे कपडे लपवून ठेवले. उघड्या अंगाने रस्त्यावर जाणे शक्य नव्हते, म्हणून तो घरी राहिला. त्याने तुरुंगात वडिलांना चिठ्ठी पाठवली की, आमची काळजी करून आपला निश्चय बदलू नका. वडिलांचा शिरच्छेद झाला, मालमत्ता सरकारजमा झाली, आणि आई व सहा धाकटे भाऊ ह्यांचा भार ह्या मुलावर पडला. ख्रिस्तसभेला एवढा मोठा शिक्षक मिळाला तो एका आईच्या युक्तीमुळे!

तो व्याकरण शिकवून घर चालवू लागला. अठराव्या वर्षी बिशप देमेत्रियस ह्यांनी दीक्षार्थींना शिकवण्याचे काम त्याच्यावर सोपवले. हे काम सुखाचे नव्हते. त्याचे काही विद्यार्थी पकडले जाऊन मारले गेले, आणि तो त्यांच्याबरोबर न्यायासनापर्यंत, वधस्थानापर्यंत जात राहिला. पुढे त्याने आपल्याजवळची ग्रीक साहित्याची पुस्तके विकून टाकली आणि त्या बदल्यात रोजचे चार ओबोल एवढे किरकोळ उत्पन्न ठरवून घेतले. तो जमिनीवर झोपे, अनवाणी फिरे.

ह्याच काळातील एक गोष्ट सांगितली जाते. मत्तयच्या एकोणिसाव्या अध्यायात स्वर्गाच्या राज्यासाठी स्वतःला नपुंसक करून घेणाऱ्यांविषयी प्रभूचे जे बोल आहेत ते ओरिजेनने तरुणपणी अक्षरशः घेतले आणि स्वतःच्या देहाला इजा करून घेतली, असे युसेबियस लिहितात. काही अभ्यासक ही गोष्ट खरी मानत नाहीत. उतारवयात मत्तयवर भाष्य लिहिताना मात्र ओरिजेन ह्यांनी त्या वचनाचा शब्दशः अर्थ घेण्यास स्पष्ट नकार दिला. गोष्ट खरी असेल, तर शब्दांची धार कुठे लागते हे त्यांना दुसऱ्या कोणी शिकवायची गरज उरली नव्हती.

पुढील तीस वर्षे मी थोडक्यात सांगतो. ओरिजेन ह्यांची कीर्ती पसरली. सम्राटाची आई युलिया मामिया हिने त्यांना अंत्युखियाला बोलावून घेतले. अँब्रोज नावाच्या एका धनवान गृहस्थाला त्यांनी पाखंडातून खऱ्या श्रद्धेकडे आणले (मिलानचे संत अँब्रोज वेगळे, ते शंभर वर्षांनंतरचे). त्या गृहस्थाने आपला पैसा त्यांच्यामागे उभा केला. सातहून अधिक लघुलेखक पाळीपाळीने त्यांचे बोलणे टिपून घेत, तेवढेच नकलनवीस आणि सुंदर अक्षर असलेल्या मुली प्रती तयार करत. जुन्या कराराचा हिब्रू मजकूर आणि त्याची ग्रीक भाषांतरे सहा रकान्यांत शेजारीशेजारी मांडण्याचे प्रचंड कामही त्यांनी केले. मग सुमारे २३१ साली प्रवासात असताना पॅलेस्टाईनच्या बिशपांनी त्यांना गुरुदीक्षा दिली. आपल्याला न विचारता हे झाले म्हणून देमेत्रियस संतापले. आपल्या धर्मप्रांताबाहेर अशी दीक्षा देणे नियमाला धरून नव्हते हेही खरे. ओरिजेन ह्यांना आलेक्झांड्रिया सोडावे लागले आणि ते पॅलेस्टाईनमधील कैसरिया ह्या बंदराच्या शहरी कायमचे राहायला आले.

आपल्या दृष्टीने त्यांचे खरे काम येथे सुरू होते. कैसरियात रविवारखेरीज इतर दिवशीही सकाळी लोक जमत. जुन्या करारातील पुस्तके ओळीने वाचली जात आणि ओरिजेन त्यांवर प्रवचन देत. समोर कोणी पंडित नसत. व्यापारी, कारागीर, बाया, दीक्षार्थी असा सगळा समुदाय असे. वाचन होताच निघून जाणारे लोक तेव्हाही होते, देवळाच्या कोपऱ्यात गप्पा मारत बसणारेही होते, आणि ओरिजेन प्रवचनातूनच त्यांना टोकत. साठी उलटेपर्यंत त्यांनी आपली प्रवचने लिहून घेऊ दिली नाहीत. त्यानंतरची जी हाती आली त्यांत यहोशवाच्या पुस्तकावरील सव्वीस प्रवचने आहेत. मूळ ग्रीक हरवले, पण रुफिनस ह्यांचे लॅटिन भाषांतर टिकले.

यहोशवाचे पुस्तक म्हणजे लढायांमागून लढाया. ओरिजेन ह्यांच्यासमोर त्यावर दोन प्रकारचे लोक होते. मार्सियन नावाच्या एका शिक्षकाला १४४ साली रोमच्या ख्रिस्तसभेने बाहेर काढले होते. त्याचे म्हणणे होते की, असा रक्तपात सांगणारा देव येशूचा पिता असूच शकत नाही, सबब जुना करार फेकून द्या. त्याचे अनुयायी ओरिजेन ह्यांच्या काळातही भरपूर होते. दुसरीकडे साधेभोळे श्रद्धावंत होते. ते सारे शब्दशः घेत आणि क्रूरातल्या क्रूर माणसाबद्दलही बोलू नये असे देवाबद्दल मानून चालत. ओरिजेन ह्यांना दोन्ही मान्य नव्हते. पुस्तक देवाचे आहे आणि देव चांगला आहे, ह्या दोन्ही गोष्टी त्यांना हातात हव्या होत्या. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. शांती शिकवायला आलेल्या ख्रिस्ताच्या प्रेषितांनी ही युद्धाची पुस्तके देवळात वाचण्यासाठी आपल्या हाती दिली, ह्याचाच अर्थ त्यांत दुसऱ्या एका युद्धाचे चित्र आहे.

ते युद्ध कोणते? ओरिजेन सुरुवात नावापासून करतात. यहोशवा आणि येशू ही मुळात एकाच नावाची दोन रूपे आहेत, ग्रीक बायबलमध्ये तर दोन्ही अगदी सारखीच लिहिली जातात. ते नाव पवित्र पुस्तकात पहिल्यांदा येते ते आजच्याच वाचनात, अमालेकाच्या लढाईत, सेनापतीचे नाव म्हणून. मोशे मेल्यावर लोकांना वचनदत्त देशात नेतो तो हाच. म्हणजे येशू आपल्याला नेतो, आणि जो देश जिंकायचा आहे तो माझे मन आहे. कनानी, परिज्जी, यबूसी हे सगळे आतच राहतात. राग, गर्व, मत्सर, वासना ह्यांनी ती भूमी आधीच बळकावलेली आहे, आणि त्यांना बाहेर काढल्याशिवाय तेथे शांती नांदत नाही.

मग ते एकेक गोष्ट उलगडतात. यरीहोभोवती वाजणारी रणशिंगे म्हणजे शुभवर्तमाने आणि प्रेषितांची पत्रे. त्यांच्या आवाजाने मूर्तिपूजेचे आणि खोट्या मतांचे तट कोसळतात. राहाब ह्या वेश्येने खिडकीला बांधलेला किरमिजी दोर म्हणजे ख्रिस्ताचे रक्त, आणि तिचे घर म्हणजे ख्रिस्तसभा. मक्केदाच्या गुहेत लपलेले पाच राजे म्हणजे आपली पाच इंद्रिये. ती देहाच्या अंधारात दडून बसून आपल्यावर राज्य करतात. त्यांना ओढून उजेडात आणावे लागते आणि त्यांच्या मानेवर पाय द्यावा लागतो.

आखानची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. यरीहोच्या लुटीतील काही वस्तू त्याने चोरून तंबूत पुरल्या आणि त्यामुळे सगळ्या इस्राएलाचा आय गावापुढे पराभव झाला. त्या वस्तूंत सोन्याची एक लगड होती. मूळ शब्दांत तिला सोन्याची जीभ म्हटले आहे. ओरिजेन म्हणतात की, ही जीभ म्हणजे तत्त्वज्ञांची नि पाखंड्यांची चमकदार वाणी. ती चोरून देवळात आणली की सगळ्या समुदायाचे नुकसान होते. मी सेमिनरीत तत्त्वज्ञानाची पदवी घेतली, आणि माझे प्रवचन छान झाले असे ज्या रविवारी लोक सांगतात त्या रविवारी मला हा आखान हटकून आठवतो. स्वतः ओरिजेन प्लेटोच्या विचारांत मुरलेले होते. होमरच्या काव्यातील देवांच्या भांडणांचा गूढार्थ लावण्याची पद्धत ग्रीकांत आधीपासून होती, आणि त्यांच्याच शहरातील यहुदी विचारवंत फिलो ह्यांनी पहिल्या शतकात मोशेच्या पुस्तकांना ती लावलीही होती. विद्यार्थी असताना मला वाटे की ओरिजेन म्हणजे झगा घातलेला प्लेटो. ही प्रवचने वाचल्यावर मत बदलले. ह्या माणसाच्या हातात सतत संत पौलाची पत्रे आहेत. आपले झगडणे रक्तमांसाशी नाही, हे एफिसकरांच्या पत्रातील म्हणणे त्यांनी यहोशवाच्या प्रत्येक लढाईवर धरून पाहिले आहे.

गिबोनी लोकांवरचे प्रवचन तर आपल्याच धर्मग्रामासाठी लिहिल्यासारखे वाटते. फाटके जोडे आणि बुरसलेल्या भाकऱ्या दाखवून गिबोन्यांनी यहोशवाकडून अभय मिळवले. ते वाचले, पण लाकूडतोडे आणि पाणके म्हणून राहिले. ओरिजेन ह्यांच्या मते हे देवळातले काही ख्रिस्ती लोक आहेत. ते विश्वास ठेवतात, नेमाने येतात, धर्मगुरूंपुढे मान लववतात, वेदी सजवायला मदत करतात, पण जुन्या सवयीचे फाटके जोडे काही काढत नाहीत. सणाच्या तयारीच्या दिवसांत हे वाचून पाहा. कोणाचे नाव घेत नाही, यादीत माझेही नाव आहे.

आता त्या मुलाचा प्रश्न. ओरिजेन ह्यांनी तो टाळला नाही. सेल्सस नावाच्या ख्रिस्तविरोधी लेखकाला त्यांनी सुमारे २४८ साली आठ पुस्तकांतून उत्तर दिले. त्यात एकशे सदतिसाव्या स्तोत्राच्या शेवटाचा, म्हणजे बाबेलची बाळे खडकावर आपटण्याच्या त्या भयंकर ओळींचा विचार आहे. बाबेल म्हणजे गोंधळ, आणि तिची बाळे म्हणजे मनात नुकतेच उगवलेले वाईट विचार, असा अर्थ ते लावतात. ते वाढून दांडगे होण्याआधीच देवशब्दाच्या खडकावर त्यांचा शेवट करावा. संत बेनेदिक्त ह्यांच्या नियमावलीतही हाच अर्थ आहे. हा उपदेश खरा आहे हे पापनिवेदनाला बसणाऱ्या कोणालाही कळेल. रागाला पहिल्या मिनिटात आवरता येते, तिसऱ्या दिवशी नाही. तरीही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर सुधारलेल्या आमच्या धर्मगुरूंच्या प्रार्थनापुस्तकातून त्या ओळी वगळल्या आहेत, आणि मला ते योग्य वाटते. ओरिजेन ही गोष्ट आज माझ्यासाठी कशी वाचायची ते सांगतात. यरीहोच्या खऱ्या बाळांचे काय, हे त्या मुलाने विचारले होते, आणि तेवढा भाग अजून उरतोच. आणखी एक सांगायला हवे. शब्दशः वाचणाऱ्या यहुदी लोकांबद्दल ओरिजेन काही ठिकाणी कठोर बोलतात, जरी हिब्रू शिकण्यासाठी ते त्यांच्याच विद्वानांकडे जात. १९६५ सालच्या परिषदेच्या घोषणेनंतर आपण तो सूर उचलू नये.

पण ही वाचनाची रीत सोडली तर काय होते तेही इतिहासात लिहिलेले आहे. ८ जुलै १०९९ रोजी पहिल्या धर्मयुद्धातील सैनिकांनी यरुशलेमच्या तटाभोवती अनवाणी मिरवणूक काढली, पुढे धर्मगुरू होते. डोळ्यांपुढे यरीहो होते. १५ जुलैला शहर पडले आणि आतल्या मुसलमान व यहुदी रहिवाशांची कत्तल झाली. पुस्तक तेच होते. त्यांनी कनानी बाहेर शोधले.

ओरिजेन ह्यांना बाहेरचा शत्रूही भेटला. २५० साली सम्राट डेसियसने सर्वांनी देवतांना बळी अर्पण करावा असा हुकूम काढला. ओरिजेन तेव्हा पासष्टीच्या आसपास होते. त्यांना पकडून अंधारकोठडीत टाकले, गळ्यात लोखंडी पट्टा घातला, पाय खोड्यात घालून चौथ्या भोकापर्यंत ताणले आणि तसेच कित्येक दिवस ठेवले. जाळून टाकण्याच्या धमक्या दिल्या. त्यांना मारायचे नव्हते. एवढा प्रसिद्ध माणूस ख्रिस्ताला नाकारताना सर्वांना दिसायला हवा होता. आयुष्यभर त्यांनी लोकांना सांगितले होते की, लढाई आत असते. आता हात बांधलेले असताना, कोणावर तलवार उगारणे शक्य नसताना, ती आतच लढायची होती. त्यांनी ख्रिस्ताला नाकारले नाही. सतरा वर्षेही पूर्ण झालेली नसताना आईने जे चुकवले होते ते जवळपास अर्ध्या शतकानंतर त्यांच्यापर्यंत येऊन पोहोचले.

डेसियस २५१ साली लढाईत मारला गेला आणि ओरिजेन सुटले. शरीर मोडले होते. त्या अवस्थेतही त्यांनी इतरांना धीर देणारी पत्रे लिहिली. सुमारे २५४ साली, वयाच्या ६९व्या वर्षी, सोर शहरात (आजच्या लेबनॉनमध्ये) त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतर त्यांच्या नावाने मोठे वाद झाले. आत्मे जन्माआधी अस्तित्वात असतात, शेवटी सर्वांचेच तारण होईल, अशा मतांवरून ५४३ साली सम्राट जस्टिनियनने आणि ५५३ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेच्या वेळी त्यांचा निषेध झाला. त्यांची बहुतेक ग्रीक पुस्तके नाहीशी झाली. ती मते ख्रिस्तसभेने स्वीकारली नाहीत, मीही ती शिकवत नाही. पण वाचनाची रीत टिकली. मिलानमध्ये संत अँब्रोज जुन्या कराराचा आध्यात्मिक अर्थ सांगत, तो ओरिजेन ह्यांच्याकडून घेतलेला होता. ३८४ नंतर तेथे मागे उभा राहून ऐकणाऱ्या ऑगस्टिन नावाच्या एका तरुण प्राध्यापकाची जुन्या कराराविषयीची अडचण त्याच प्रवचनांनी दूर झाली. २००७ साली पोप बेनेदिक्त सोळावे ह्यांनी बुधवारच्या दोन शिकवणी ओरिजेन ह्यांना दिल्या. २०१० साली देवशब्दावरील आपल्या पत्रात त्यांनी बायबलमधील अंधाऱ्या वाटणाऱ्या उताऱ्यांचा वेगळा विचार केला आणि असे भाग टाळू नका, त्यांचा अभ्यास करा, असे सांगितले. २०१२ साली म्युनिकच्या ग्रंथालयातील एका जुन्या हस्तलिखितात ओरिजेन ह्यांची स्तोत्रांवरील २९ ग्रीक प्रवचने सापडली. आधी त्यांवर त्यांचे नाव नव्हते.

ह्या गुरुवारी संध्याकाळच्या बायबलवर्गात आपण यहोशवाचे सहा ते दहा अध्याय घेणार आहोत. ज्यांना त्यातले काही पटत नसेल त्यांनी जरूर यावे. घड्याळ मी घरी ठेवून येईन.